अकरा पॉइंट तीन

मी एक जुनी लाल गाडी आहे आणि भिवंडीजवळच्या कोन गावातल्या एका गोठ्यात राहते. गोठ्यात गाडी कशी, असं तुम्हाला वाटेल, मित्रांनो. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं. भिंतीला दोन लोखंडी कड्या होत्या, कडेला गव्हाण होती आणि शेणाचा वास पुरता गेलेला नव्हता. माझ्या आधी तिथे वजीर आणि बादल नावाचे शर्यतीचे दोन बैल बांधलेले असत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. रांगेत माझ्यासारख्या दिसणाऱ्या कितीतरी बहिणी होत्या. सगळ्या आखूड पाठीच्या आणि मागचं दार वर उघडणाऱ्या. पण आमच्यातल्या मोजक्या गाड्यांच्या पोटात वेगळं इंजिन बसवलं गेलं. त्या इंजिनाला टर्बो होता. टर्बो म्हणजे एक लहानसा पंखा. इंजिनातून बाहेर पडणारा धूर जाता जाता त्याला फिरवतो आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जातं आणि जोरही जास्त येतो. मला रुंद टायर दिले, पायाखालच्या स्प्रिंगा कडक केल्या आणि माझ्या कागदावर लिहिलं की ही एका लिटरला अठरा किलोमीटर जाईल. तो आकडा त्यांनी एका बंद खोलीत, जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर माझी चाकं फिरवून काढला होता. तिथे ना खड्डा होता, ना कंटेनर, ना रस्ता ओलांडणाऱ्या म्हशी. भिवंडी तर नव्हतीच.

मला घ्यायला बाळारामशेठ आले तेव्हा त्यांचे बैल विकून फार दिवस झाले नव्हते. शर्यतींवर कोर्टाची बंदी आली होती. शर्यत नाही तर एवढा खुराक खाणारं जनावर दारात बांधून त्याचे हाल कशाला करायचे, असं म्हणून त्यांनी बैल दिले आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. शोरूममधल्या मुलाने त्यांना आधी साध्या गाड्या दाखवल्या आणि त्या किती कमी पेट्रोलमध्ये किती लांब जातात ते सांगू लागला. बाळारामशेठनी त्याला मध्येच थांबवून माझ्याकडे बोट दाखवलं. जवळ येऊन त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. वशिंडावर ठेवतात तसा, जरा दाबून. मला तेव्हा वशिंड म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पण तो हात खात्री करून घेणारा होता, एवढं समजलं.

घरी आल्यावर तुळजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि नारळ फोडला. मग विचारलं, ॲव्हरेज काय देते? मित्रांनो, आपल्याकडे नवी गाडी दिसली की माणसं रंग, वेग किंवा किंमत विचारण्याआधी हाच प्रश्न विचारतात. बाळारामशेठ म्हणाले, "अठरा." कागदावर तसंच होतं, त्यामुळे ते खोटं बोलले असं म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्यांचे जुने सोबती महादूशेठ यांनी तोच प्रश्न विचारला. तिथे उत्तर आलं, "नऊ. मोठी खादाड हाय." ते सांगताना त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. नाक्यावरची सगळी माणसं शर्यतीची. जे जनावर जास्त खातं त्याला तिथे मान जास्त. महादूशेठनी तरीही नऊवर तोंड वाकडं केलं तेव्हा बाळारामशेठ म्हणाले, "शर्यतीच्या बैलाला कोन ॲव्हरेज इचारतं का?" सगळे हसले आणि तो विषय तिथे मिटला.

असे माझे दोन ॲव्हरेज होते, एक घरातला आणि एक नाक्यावरचा. खरा आकडा माझ्या समोरच्या पडद्यावर दिसायचा. पहिल्या दिवसापासून जेवढे किलोमीटर झाले आणि जेवढं पेट्रोल लागलं त्याचा मिळून तो आकडा. बाकीचे लोक टाकी भरली की तो शून्यावर आणतात आणि नव्याने मोजतात. बाळारामशेठनी तो कधीच शून्यावर आणला नाही. कुठलं बटण दाबायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

माझ्या खाण्यापिण्याची मात्र चंगळ होती. वजीर आणि बादलला ते दूध, अंडी, बदाम घालायचे. मला पंपावरचं सगळ्यात महाग पेट्रोल. माझ्या टाकीच्या झाकणाच्या आत स्पष्ट लिहिलं आहे की साधं पेट्रोल चालेल. पंपावरच्या माणसाने एकदा ते त्यांना वाचून दाखवलं. साधं नांगराच्या बैलाला, असं त्यांनी त्याला सांगितलं. आता तुम्ही विचाराल, मला त्या महाग पेट्रोलचा फरक जाणवायचा का? खरं सांगते. उन्हाळ्याच्या दुपारी, मोकळ्या रस्त्यावर, चढाला कोणी पेडल पूर्ण दाबलं तर जाणवायचा. इंजिन आत खटखट न करता मोकळं ओढायचं. पण कोनहून कल्याणला जाताना दोन ट्रेलरच्या मध्ये पहिल्या गिअरमध्ये सरकत असले की दूध पाजा की पाणी, सगळं सारखंच. ॲव्हरेज तर दोन्हीचा जवळजवळ एकच.

पुढे पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त मिसळू लागले. उसाच्या मळीपासून, धान्यापासून काढतात तो अल्कोहोल. माझ्यासारख्या थोड्या जुन्या गाड्या त्याच्यासाठी घडवलेल्या नव्हत्या. मी आजारी पडले नाही, पण पडद्यावरचा आकडा अकरा पॉइंट सहावरून हळूहळू अकरा पॉइंट तीनवर आला. पेट्रोलमध्ये अल्कोहोल असतं हे कळल्यावर महादूशेठ महिनाभर बाळारामशेठना विचारत राहिले की तुझी गाडी आता देशी घ्यायला लागली म्हणे, चखणा काय देतोस? बाळारामशेठना ते लागलं. रोज सकाळी ते माझ्यामागे वाकून धुराचा वास घ्यायचे.

बंदी उठली तेव्हा महादूशेठनी पुन्हा बैल घेतले. बाळारामशेठही घेणार, असं साऱ्या गावाला वाटलं. ते एकदा शर्यत बघायला गेले. परत आल्यावर गोठ्यात येऊन माझ्यात बसले, चावी न लावता. उठताना त्यांनी माझ्या स्टेअरिंगवरची धूळ उपरण्याने पुसली आणि तो विषय कधी काढला नाही.

आता निशाबद्दल सांगते. निशा त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याला कॉलेजात शिकवते, पुष्कळ वाचते आणि कमी बोलते. गाडी चालवायला ती माझ्यावरच शिकली. पुस्तकाचं पान उलटावं तसा ती माझा गिअर बदलायची. बाळारामशेठ बाजूला बसून अस्वस्थ व्हायचे. "दाब गं. कागदाची न्हाय ती." ती थोडंसं दाबायची आणि लगेच पाय काढून घ्यायची.

महिन्या दोन महिन्यांनी ती घरी यायची तेव्हा तिला कल्याण स्टेशनवरून आणायचं काम माझं. बसल्या बसल्या ती पडद्याकडे बघायची आणि म्हणायची की बाबा, एवढं पळवता म्हणून हा आकडा असा आहे. त्यांना ते आवडायचं. ते मिशीला हात लावायचे. हा आकडा आईला दाखवू का, असं तिने एकदा विचारलं तर म्हणाले, दाखव, तिला चष्म्याबिगर दिसत न्हाय. खरा ॲव्हरेज माहीत असलेली माणसं जगात दोनच होती. ती दोघं माझ्यात बसून हसत होती आणि मी कल्याणच्या खाडीपुलावर अडकलेली होते. मित्रांनो, मला पुन्हा एकदा तसं अडकायला मिळालं तर मी महाग पेट्रोल सोडून देईन.

गेल्या पावसाळ्यात बाळारामशेठ गेले. आजार असा झालाच नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी माझी टाकी भरली होती. सकाळी गोठ्याचं दार उघडलं ते दुसऱ्याच कोणीतरी.

त्यांच्या घरात एक रीत होती. मालक गेला की तेराव्यापर्यंत बैल जुंपायचा नाही. तुळजाबाईंनी ती माझ्याबाबतीतही पाळली. तेरावं झाल्यावर निशाला पुण्याहून तिची काही पुस्तकं आणि कपडे आणायचे होते. आईजवळ काही महिने राहण्यासाठी तिने रजा घेतली होती. ती मला घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणली. मोकळा द्रुतगती रस्ता, एकसारखा वेग, तिचा तो हलका पाय. मी इतकं कमी पेट्रोल आयुष्यात कधी प्यायले नव्हते. एखाद्या गाडीला त्याचा आनंद व्हावा.

कोनच्या जवळ आल्यावर निशाचं लक्ष पडद्याकडे गेलं. अकरा पॉइंट चार.

तिने मला रस्त्याच्या कडेला घेतलं. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. ती त्या आकड्याकडे बघत बसली. तिच्या मनात काय आलं ते मला समजलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. बाळारामशेठचे कपडे वाटून झाले होते. चपला कोणीतरी नेल्या होत्या. पण इतक्या वर्षांत त्यांच्या पायाने जे केलं त्याचा हिशेब त्या आकड्यात होता. आता ती मला जितकी चालवेल तितका तिचा पाय त्यात मिसळणार होता. आज चार झालं, उद्या पाच होईल. असं करत करत एक दिवस त्यात बाबा उरणारच नाहीत.

ती घरी आली, मला गोठ्यात लावलं आणि चावी देवघरातल्या खिळ्याला अडकवली. आईला तिने आकड्याबद्दल सांगितलं नाही. गाडी थोडे दिवस राहू दे, एवढंच म्हणाली. तुळजाबाईंना ते पटलं. त्या उभा जन्म बैलांच्या घरात राहिलेल्या. "बसू दे तिला," त्या म्हणाल्या. "बैल इसावला की जोर धरतो."

चूक इथे झाली, मित्रांनो. आणि ती प्रेमाने झाली, म्हणून कोणाच्या लक्षात आली नाही.

बैलाला उभं ठेवून खुराक घातला तर त्याच्यात ताकद साठते. मी उभी राहिले तर माझ्यातली ताकद गळत जाते. टाकीत उरलेलं ते महाग पेट्रोल हळूहळू शिळं झालं. त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेऊ लागलं. एकाच जागी भार पडून टायर चपटे झाले. उंदरांनी बॉनेटखाली घर केलं. आणि बॅटरी तर मी झोपलेली असतानाही थोडी थोडी संपत असते, घड्याळ चालू ठेवायला, आठवणी जागत्या ठेवायला. बॅटरी चालतानाच भरते, म्हणजे त्या आकड्याला धरून ठेवण्यासाठी मला चालायला हवं होतं. पण चालले तर तो बदलणार होता. हे मी निशाला कसं सांगणार? पावसाळा संपला, थंडी गेली. मी रोज दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे बघायची आणि त्या दाबून ठेवलेल्या हाताची वाट बघायची. तो येणार नाही हे मला ठाऊक होतं. पण वाट बघण्याचं ते एक बरं असतं, त्याला कारण लागत नाही.

उन्हाळ्यात तुळजाबाईंचे गुडघे धरले. वज्रेश्वरीच्या गरम पाण्यात पाय सोडून बसलं की बरं वाटतं, असा त्यांचा अनुभव. निशा म्हणाली रिक्षा सांगते. तुळजाबाई म्हणाल्या, "गोठ्यात गाडी हाय आन मी रिक्षानं कला जाऊ?"

निशाने चावी काढली. बराच वेळ ती चावी हातात घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. मग आत बसली, चावी फिरवली. मी काहीही करू शकले नाही. साधा दिवाही लागला नाही.

भिवंडीच्या निजामपुऱ्याहून मेकॅनिक यूनुसभाईंना बोलावलं. बाळारामशेठ माझं सगळं काम त्यांच्याकडेच करायचे. यूनुसभाईंनी बॉनेट उघडलं, उंदराचं घर बाहेर काढलं आणि म्हणाले की भाडेकरू ठेवला होता तर भाडं तरी घ्यायचं, काकी. टाकीतलं थोडं पेट्रोल काढून वास घेतला. वॉर्निशसारखा येत होता. तुळजाबाईंनी त्यांना समजावलं की आम्ही तिला मुद्दाम विश्रांती दिली, बैलाला देतात तशी. यूनुसभाई हसले नाहीत. "काकी, बैल उभा राहून खातो," ते म्हणाले. "ही उभी राहून उपाशी मरते."

शिळं पेट्रोल कॅनमध्ये काढून त्यांनी थोडं ताजं ओतलं आणि नव्या बॅटरीला हात घातला. तेव्हा निशा पुढे आली. बॅटरी बदलल्यावर आकडा राहील का, असं तिने विचारलं.

"टाइम ना? तो मी लावून देतो, ताई."

"टाइम नाही. ॲव्हरेज."

यूनुसभाईंना आधी कळलं नाही. मग तिने सांगितलं, अगदी थोडक्यात, बाबांनी तो कधीच शून्यावर आणला नव्हता म्हणून. यूनुसभाईंनी पाना खाली ठेवला. "बॅटरी पूर्ण बसली तेव्हाच गेला असेल, ताई," ते म्हणाले. "राहिला असला तर नसीब." मग पाना पुन्हा उचलत म्हणाले, "तसा मला नऊ सांगायचा बाळाराम."

"आईला अठरा," निशा म्हणाली.

तुळजाबाई दोघांकडे बघत होत्या. "मंग खरा कवडा?" त्यांनी विचारलं. निशाने सांगितलं. तुळजाबाई पदराने माझी काच पुसायला लागल्या, जी आधीच पुसून झाली होती.

नवी बॅटरी जोडली. मी दोनदा खोकले आणि सुरू झाले. पडद्यावर, जिथे तो आकडा असायचा तिथे, दोन आडव्या रेघा आल्या. इंजिनही नीट चालेना. पेडल कोण कसं दाबतं हे इंजिनसुद्धा शिकून ठेवत असतं, मित्रांनो, आणि बॅटरीबरोबर माझं ते सगळं शिकलेलं पुसलं गेलं होतं. मी नव्याने थरथरत उभी होते. निशाने त्या रेघांकडे पाहिलं. तिने जे जपलं ते जपल्यामुळेच गेलं होतं. ती रडली नाही. आईसाठी मागे उशी ठेवली आणि आम्ही निघालो.

पंपावर विचारलं, पॉवर की साधं? निशा म्हणाली, साधं. तुळजाबाई मागून म्हणाल्या, "बाबाला सांगू नको."

भिवंडी ओलांडून आंबाडीचा रस्ता लागला तसा निशाचा पाय सैल झाला आणि माझं इंजिनही ताळ्यावर आलं. रेघा जाऊन आकडा उमटला. मग हळूहळू वाढून चौदाच्या वर गेला. निशा त्याच्याकडे बघत नव्हती. तो तिचा होता आणि तिला नको होता. तुळजाबाईंना कुंडाजवळ उतरवून ती वज्रेश्वरीच्या बाजारात माझ्या टायरांत हवा भरायला गेली आणि काम लवकर उरकलं म्हणून लगेच परत आली. तुळजाबाईंना अजून वेळ होता.

दुपार झाली होती. सावली कुठेच नव्हती. रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं आणि माझी सीट हात ठेवता येणार नाही इतकी तापली होती. दुखरे गुडघे घेऊन आई आता या भट्टीत येऊन बसणार, असं निशाच्या मनात आलं असावं. तिने मला सुरू केलं, एसी लावला आणि काचा बंद करून बसली.

मी उभी होते. चाकं हलत नव्हती, किलोमीटर वाढत नव्हते, पेट्रोल मात्र जात होतं. पडद्यावरचा आकडा उतरू लागला. चौदा पॉइंट दोन. चौदा. तेरा पॉइंट आठ. निशाने तो उतरताना पाहिला. आधी तिला वाटलं बिघाड असेल. ती वाकून बघू लागली. मग तिचा हात एसीच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

मला इतकी वर्षं जे सांगता आलं नव्हतं, ते तिला आता दिसलं.

मित्रांनो, बाळारामशेठ मला पळवत नव्हते. पळवायला रस्ता होता कुठे? नाक्यावर ते तसं सांगायचे आणि निशा तसं समजायची, एवढंच. कल्याणला तिला घ्यायला जायचं असलं की ते ट्रेनच्या वेळेच्या किती आधी निघायचे. कोंडीचा भरवसा नाही म्हणायचे आणि कोंडी नसली तरी आधीच निघायचे. स्टेशनबाहेर मला उभी करून इंजिन चालू ठेवायचे, एसी मंद. पोलीस हटकायचा तेव्हा एक चक्कर मारून पुन्हा तिथेच. तिची ट्रेन उशिरा आली तर तसंच बसून राहायचे, स्टेशनच्या दाराकडे बघत. ती घामाघूम होऊन आत शिरायची आणि माझ्या गारव्यात डोळे मिटून घ्यायची. हा गारवा कुठून येतो, याचा विचार ती कधी करत नव्हती. ते सगळं पेट्रोल त्या आकड्यात होतं.

निशाने कपाळ स्टेअरिंगला टेकलं. एसी बंद केला नाही. आकडा उतरत राहिला आणि ती त्याला उतरू देत राहिली.

तुळजाबाई कुंडाकडून आल्या. ओल्या पावलांनी, तापल्या रस्त्यावर एकेक पाय उचलत. निशाने उतरून त्यांना हात दिला. आत बसल्यावर त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि पदर सैल केला.

"मघाधरनं हाय का तू इथं?" त्यांनी विचारलं.

"नाही," निशा म्हणाली. "आत्ताच आले."

हे वाक्य मी कल्याणला कितीदा ऐकलं आहे, ते मलाच माहीत.

मित्रांनो, मी गाडी आहे, म्हणून मला हे सांगायलाच हवं की उगाच इंजिन चालू ठेवून उभे राहू नका. पेट्रोल फार कष्टाने जमिनीतून वर येतं. झाकणाच्या आत काय लिहिलं आहे ते वाचा आणि तेच भरा. आम्हाला जपायचं असेल तर झाकून ठेवू नका, चालवा. आमच्यात जे काही साठलेलं असतं ते चालतानाच टिकतं, बदलत बदलत का होईना. आणि कधी भर उन्हातून येऊन तुम्ही एखाद्या गार गाडीत बसलात, तर लगेच डोळे मिटू नका. आधी समोरच्या आकड्याकडे बघा, आणि मग शेजारी बसलेल्या माणसाकडे.